अमेरिकेतले पोलीस गोळीबार, वंश आणि बातम्या: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

अमेरिकेत पोलिसाच्या गोळीनं कुणी कृष्णवर्णीय माणूस मेल्याची बातमी आली की दोनतीन दिवसांत मला तेच तेच मेसेज यायला लागतात, काही भारतातून, काही इथल्याच मराठी मंडळींकडून. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवतेय. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत आला असेल तर एकत्र केलाय, आणि एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे नंबर दिलाय, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच वाचावं लागणार नाही.

१. पोलीस वर्षाला किती लोकांना गोळी घालून मारतात? त्यात ब्लॅक किती?

साधारण हजार किंवा त्याहून जास्त. वॉशिंग्टन पोस्टनं १ जानेवारी २०१५ पासून ड्यूटीवरच्या पोलिसाच्या गोळीनं मेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवायला घेतली, पहिल्याच वर्षी आकडा हजाराच्या आसपास गेला आणि नंतर तो कधी नीट खाली आलाच नाही, २०२३ आणि २०२४ मध्ये तर ११०० च्याही वर. मेलेल्यांमध्ये नुसत्या संख्येनं सगळ्यात जास्त गोरेच असतात. पण ब्लॅक लोक लोकसंख्येत १४ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि त्या हिशोबानं बघितलं तर त्यांचं मरण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त येतं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि टीव्हीवरच्या चर्चेत प्रत्येक बाजू आपल्या सोयीचं एकच वाक्य घेऊन बसते. आकड्यांचा खरा वाद प्रश्न १० मध्ये आहे.

२. एवढा मोठा देश, मग हे आकडे पेपरवाल्यांना का मोजावे लागले? सरकार काय करत होतं?

सरकारकडे पूर्ण आकडाच नव्हता. अमेरिकेत सुमारे १८ हजार वेगवेगळी पोलीस खाती आहेत, शहराचं वेगळं, काउंटीचं (म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचं) वेगळं, राज्याचं वेगळं, विद्यापीठाचंसुद्धा वेगळं, आणि एफबीआयला माहिती पाठवायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पोस्टनं मोजल्यावर कळलं की एफबीआयच्या नोंदीत निम्म्याहून जास्त मृत्यू येतच नव्हते. त्याच वर्षी द गार्डियननंही स्वतःची मोजणी केली, त्यात गोळीशिवाय टेझर (विजेचा झटका देणारी बंदूक), कोठडी, गाडीची धडक असे सगळे मृत्यू धरले होते आणि २०१५ चा आकडा ११४६ निघाला. एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी यांनी स्वतःच जाहीरपणे म्हटलं की सरकारपेक्षा वर्तमानपत्रांकडे चांगली माहिती असणं लाजिरवाणं आहे. पुढे २०१९ पासून एफबीआयनं बळाच्या वापराची वेगळी नोंद सुरू केली, पण तीही ऐच्छिकच. पोस्टला त्या कामासाठी २०१६ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकन पत्रकारितेतलं सगळ्यात मानाचं पारितोषिक मिळालं, आणि माझ्या मते हा या सगळ्या विषयातला पत्रकारितेचा सगळ्यात मोठा विजय आहे, कारण त्याआधी "असं किती वेळा होतं" या साध्या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

३. पहिल्या दिवशीची बातमी एक असते आणि नंतर सगळं वेगळंच निघतं, असं का होतं?

कारण पहिल्या दिवशीची बातमी बहुतेक वेळा पोलिसांच्या निवेदनावरूनच लिहिलेली असते. रात्री अकराला गोळीबार होतो, रिपोर्टर पोहोचतो तोवर पिवळी टेप लागलेली असते, बोलायला एकटा पोलीस प्रवक्ता उभा असतो आणि सकाळच्या बुलेटिनला तर काहीतरी द्यायचंच असतं. ज्याच्यावर गोळी झाडली तो मेलेला असतो, त्याची बाजू सांगायला कुणी नसतं, घरच्यांना तर कधीकधी अजून कळवलेलंही नसतं. म्हणजे ज्या खात्याच्या माणसानं गोळी झाडली तेच खातं घटनेचं पहिलं वर्णन लिहितं आणि पेपर ते जवळजवळ तसंच छापतो.

काय होतं याची तीन उदाहरणं देते, तिन्ही नीट वाचा.

४ एप्रिल २०१५, नॉर्थ चार्ल्सटन, साउथ कॅरोलायना. गाडीचा ब्रेक लाइट गेलाय म्हणून वॉल्टर स्कॉटला थांबवलं. पोलिसांकडून आलेली गोष्ट अशी की झटापटीत त्यानं टेझर हिसकावला, मायकेल स्लेगर या पोलिसाला जिवाची भीती वाटली. बातम्या तशाच गेल्या. तीन दिवसांनी रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसानं मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ बाहेर आला, त्यात स्कॉट पाठ करून पळतोय आणि स्लेगर मागून आठ गोळ्या झाडतोय. त्याच दिवशी अटक झाली. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही, मग केंद्राच्या खटल्यात त्यानं गुन्हा कबूल केला आणि डिसेंबर २०१७ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली.

२० ऑक्टोबर २०१४, शिकागो. १७ वर्षांचा लक्वान मॅकडोनाल्ड. पोलीस युनियनच्या प्रवक्त्यानं त्याच रात्री सांगितलं की तो चाकू घेऊन अंगावर आला. बातमी एक दिवस चालली आणि संपली. मग जेमी कॅल्व्हन नावाच्या पत्रकारानं शवविच्छेदनाचा अहवाल मिळवला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये लिहिलं की अंगात १६ गोळ्या आहेत. एप्रिलमध्ये नगरपालिकेनं कुटुंबाला ५० लाख डॉलर दिले, खटला दाखल व्हायच्या आधीच, पण गाडीच्या डॅशकॅमचा व्हिडिओ काही दिला नाही. ब्रँडन स्मिथ या फ्रीलान्स पत्रकारानं कोर्टात धाव घेतली, जजनं आदेश दिला आणि २४ नोव्हेंबर २०१५ ला म्हणजे तेरा महिन्यांनी तो व्हिडिओ लोकांनी पाहिला. मुलगा पोलिसांपासून लांब चालत जाताना दिसतो. जेसन व्हॅन डाइकवर खुनाचा आरोप त्याच दिवशी ठेवला गेला, आणि २०१८ मध्ये तो दोषी ठरला. शिकागोसारख्या शहरात केवढी मोठमोठी वर्तमानपत्रं आणि चॅनेलं आहेत, पण हे प्रकरण उघडलं ते कुठल्याही मोठ्या न्यूजरूमशी न बांधलेल्या माणसांनी, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

तिसरं उदाहरण गोळीचं नाहीये पण त्याशिवाय हा विषय पूर्णच होत नाही. २५ मे २०२०, मिनियापोलिस, जॉर्ज फ्लॉइड. पोलिसांच्या पहिल्या निवेदनाचं शीर्षक असं होतं की पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय घटनेनंतर एका माणसाचा मृत्यू. मानेवरच्या गुडघ्याचा एका शब्दानं उल्लेख नाही. १७ वर्षांच्या डार्नेला फ्रेझियरनं फोनवर शूटिंग केलं नसतं तर त्या शहरातली ती दोन ओळींची बातमी झाली असती. तिला पुढे पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला.

४. "ऑफिसर इन्व्हॉल्व्हड शूटिंग" असं का लिहितात? सरळ "पोलिसानं गोळी झाडली" का नाही लिहीत?

"ज्यात पोलीस सामील होता असा गोळीबार", हे पोलीस खात्यातून आलेलं वाक्य आहे आणि बातमीदारानं ते तसंच उचललेलं असतं. त्यात गोळी कुणी झाडली, कुणाला लागली, काहीच कळत नाही, फक्त पोलीस तिथे "होता" एवढंच कळतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकनं (बातमीच्या भाषेच्या नियमपुस्तकानं) हा शब्दप्रयोग टाळा असं स्पष्ट सांगितलंय, तरी लोकल टीव्हीवर तो रोज ऐकू येतो. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटानं टीव्ही बातम्यांचे हजारो मजकूर तपासले तेव्हा त्यांना दिसलं की मारणारा पोलीस असेल तर कर्ता लपवणारी वाक्यं जास्त येतात, मारणारा साधा नागरिक असेल तर कमी. मराठी पेपरांनाही हे लागू होतं, कारण परदेशातली बातमी एजन्सीकडून येते आणि डेस्कवर घाईत भाषांतर होतं, मग "गोळीबारात कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू" असं शीर्षक लागतं आणि गोळीबार कुणी केला ते तिसऱ्या परिच्छेदात सापडतं.

५. मेलेल्या माणसाचा पोलीस रेकॉर्डमधला फोटोच का दाखवतात?

सहज मिळतो म्हणून, हे एक कारण. अटकेच्या वेळचा फोटो पोलिसांकडून पाच मिनिटांत मिळतो, शाळेच्या पदवीदानाचा फोटो हवा असेल तर घरच्यांशी बोलावं लागतं. पण परिणाम असा होतो की वाचक पहिल्यांदा बघतो तेव्हाच तो माणूस गुन्हेगार दिसतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये फर्ग्युसन गावात पोलिसाच्या गोळीनं मेलेल्या मायकेल ब्राउनच्या (प्रश्न ७) मृत्यूनंतर ब्लॅक तरुणांनी ट्विटरवर स्वतःचे दोन दोन फोटो शेजारी टाकले, एक पार्टीतला किंवा हातवारे करतानाचा आणि एक सुटाबुटातला किंवा लष्करी गणवेशातला, आणि विचारलं की मला गोळी घातली तर मीडिया यातला कुठला वापरेल. मला वाटतं त्या फोटोंनी जे समजावलं ते कुठल्याही सेमिनारनं समजावलं नसतं.

फोटोसोबत पूर्वेतिहासही येतो. ब्राउनच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सनं त्याच्यावर लेख छापला, त्यात तो काही "देवदूत नव्हता" अशा अर्थाचं वाक्य होतं, प्रचंड टीका झाली आणि पेपरच्याच पब्लिक एडिटर (वाचकांच्या बाजूनं पेपरचं काम तपासणाऱ्या संपादक) मार्गारेट सलिव्हन यांनी ती चूक होती असं लिहिलं. क्लीव्हलँडचं प्रकरण याहून वाईट. २२ नोव्हेंबर २०१४ ला १२ वर्षांचा तमीर राइस बागेत खेळण्यातली बंदूक घेऊन खेळत होता, पोलिसांची गाडी आली आणि दोनेक सेकंदांत त्याला गोळी लागली. फोन करणाऱ्यानं "बहुतेक खोटी बंदूक आहे, बहुतेक लहान मुलगा आहे" असं सांगितलं होतं, ते त्या पोलिसांपर्यंत पोहोचलंच नाही. आणि काही दिवसांत तिथल्या बातम्यांमध्ये काय आलं, तर मुलाच्या वडिलांवर पूर्वी कुठले गुन्हे होते. बारा वर्षांच्या पोराच्या मरणाशी त्याचा काय संबंध?

आता सुधारणाही झाल्यात. सॅन फ्रान्सिस्को पोलिसांनी जुलै २०२० पासून असे फोटो सरसकट देणं बंद केलं, बऱ्याच वर्तमानपत्रांनी त्यांच्या गॅलऱ्या काढून टाकल्या.

६. हे सगळं फर्ग्युसनपासून सुरू झालं ना?

नाही, फर्ग्युसनपासून (मायकेल ब्राउनच्या प्रकरणापासून, प्रश्न ७) मोबाइल कॅमेरा आणि ट्विटर यात आले एवढंच. १९०० साली न्यू ऑर्लिन्समध्ये रॉबर्ट चार्ल्स या ब्लॅक माणसाची पोलिसांशी चकमक झाली, त्यानं पोलिसांवर गोळ्या झाडल्या, गोऱ्यांच्या जमावांनी शहरात दिवसेंदिवस हिंसाचार केला आणि शेवटी त्याला मारलं. गोऱ्यांच्या पेपरांनी त्याला राक्षस ठरवलं. आयडा बी. वेल्स या ब्लॅक पत्रकार बाईंनी त्याच पेपरांमधली वर्णनं एकत्र ठेवून दाखवून दिलं की मुळात पोलिसांनीच त्याला विनाकारण हटकलं होतं. एकशे पंचवीस वर्षांपूर्वी!

मग १९६७ च्या दंगलींनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कर्नर आयोग नेमला, १९६८ च्या त्याच्या अहवालात माध्यमांवर अख्खं प्रकरण आहे आणि त्याचा निष्कर्ष असा की अमेरिकन प्रेस जगाकडे गोऱ्या माणसाच्या नजरेनंच बघतो. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमादू डियालो या गिनीहून आलेल्या तरुणावर चार पोलिसांनी त्याच्याच घराच्या दारात ४१ गोळ्या झाडल्या, त्याच्या हातात पाकीट होतं. ते चौघं निर्दोष सुटले. तेव्हाही महिनोन्‌महिने बातम्या चालल्या होत्या, पण देशभरात असं किती होतं ते कुणी मोजत नव्हतं (प्रश्न २).

७. पण मायकेल ब्राउनचे हात वर होतेच कुठे? मीडियानं खोटं पसरवलं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, तर सविस्तर लिहिते. ९ ऑगस्ट २०१४ ला मिझुरीतल्या फर्ग्युसनमध्ये डॅरेन विल्सन या पोलिसानं १८ वर्षांच्या मायकेल ब्राउनला गोळ्या घातल्या. त्याचं प्रेत भर उन्हात रस्त्यावर सुमारे चार तास पडून होतं आणि आजूबाजूचे लोक, लहान मुलं, सगळे ते बघत होते. काही साक्षीदारांनी सांगितलं की तो हात वर करून शरण येत होता, ते लगेच देशभर गेलं, आंदोलनाची घोषणा झाली. नोव्हेंबरमध्ये ग्रँड ज्युरीनं (खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं) विल्सनवर आरोप ठेवायला नकार दिला. मार्च २०१५ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याचा अहवाल आला आणि त्यात म्हटलंय की हात वर असल्याचं सांगणाऱ्या साक्षी पुराव्याशी जुळत नाहीत, विल्सनवर खटला उभा राहू शकत नाही. तेव्हा हो, अनेक चॅनेलांनी तपासल्याशिवाय एक गोष्ट खरी मानून चालवली आणि ते चुकीचंच होतं.

पण त्याच दिवशी न्याय खात्यानं दुसराही अहवाल दिला, फर्ग्युसनच्या पोलीस खात्यावर, आणि "खोटं पसरवलं" म्हणणारे लोक तो कधीच उघडत नाहीत. गावात ब्लॅक लोक ६७ टक्के, पण २०१२ ते २०१४ मध्ये गाड्या थांबवल्या त्यात ८५ टक्के, दंडाच्या पावत्यांत ९० टक्के आणि अटकेत ९३ टक्के ब्लॅक. गावाचं बजेट दंडाच्या पैशावर चालायचं म्हणून पोलिसांना पावत्या फाडायचा दबाव होता. एका बाईची गोष्ट त्यात आहे, २००७ मध्ये तिनं एकदा गाडी चुकीच्या जागी लावली, १५१ डॉलरचा दंड, पैसे नव्हते म्हणून तारखा चुकल्या, दंड वाढत गेला, दोनदा अटक, सहा दिवस जेल, ५५० डॉलर भरून झाले तरी २०१४ अखेर ५४१ डॉलर बाकीच होते. लोक रस्त्यावर का उतरले हे समजायला ही बाई पुरेशी आहे.

मीडियाची खरी चूक मला इथे दिसते. ऑगस्ट २०१४ च्या आधीही ही सगळी कागदपत्रं, कोर्टाच्या तारखा, दंडाचं उत्पन्न, तिथेच होतं. कुणी बघायला गेलं नव्हतं. मग कॅमेरे आले ते अश्रुधूर बघायला आले.

८. "निःशस्त्र" म्हणजे नक्की काय? कधी म्हणतात शस्त्र होतं, कधी नव्हतं.

हा शब्द बातम्यांमध्ये फार सहज वापरतात आणि तो दोन्हीकडून फसवतो. जेकब ब्लेक, केनोशा, ऑगस्ट २०२०, पाठीमागून सात गोळ्या, माणूस वाचला पण कमरेखाली लुळा झाला. सुरुवातीला सगळीकडे निःशस्त्र म्हणून आलं, नंतर त्यानं स्वतःच सांगितलं की चाकू होता. ज्यांनी आधी घाईत लिहिलं त्यांच्यावरचा वाचकांचा विश्वास उडाला, आणि उडणारच.

उलट बाजू फिलांडो कॅस्टिलची. जुलै २०१६, मिनेसोटा. त्याच्याकडे बंदूक होती पण परवान्याची, आणि त्यानं शांतपणे पोलिसाला तसं सांगितलंसुद्धा, तरी काही सेकंदांत गोळ्या लागल्या, गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी. यादीत त्याची नोंद "सशस्त्र" अशीच होणार. म्हणजे बंदूक होती की नव्हती याच्यापेक्षा त्या क्षणी त्या माणसापासून कुणाला धोका होता का, हे विचारायला हवं.

आणि खरोखर अवघड प्रकरण म्हणजे कोलंबसची १६ वर्षांची मकाया ब्रायंट. २० एप्रिल २०२१, फ्लॉइड खटल्याचा निकाल जाहीर होत होता साधारण त्याच वेळी तिला गोळी लागली. पहिल्या तासांत सोशल मीडियावर एक गोष्ट पसरली, त्याच रात्री पोलिसांनी बॉडी कॅमेऱ्याचा व्हिडिओ दिला, त्यात ती दुसऱ्या मुलीवर चाकू उगारताना दिसते. पोलिसावर आरोप ठेवले गेले नाहीत. मला तिच्याबद्दल वाईट वाटतं, ती सरकारी देखभालीतली मुलगी होती, पण हे प्रकरण वॉल्टर स्कॉटच्या रांगेत बसवणं बरोबर नाही आणि जबाबदार बातमीनं तसं करू नये.

९. गोऱ्या लोकांनाही पोलीस मारतात, त्याच्या बातम्या का नाही येत?

येतात, कमी येतात, आणि ही तक्रार खोटी नाहीये. डॅनियल शेव्हर हा गोरा माणूस जानेवारी २०१६ मध्ये ॲरिझोनातल्या मेसामध्ये हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये रांगत, रडत, गोळी घालू नका म्हणत असताना मारला गेला. पूर्ण व्हिडिओ पोलीस निर्दोष सुटल्यावरच बाहेर आला, डिसेंबर २०१७ मध्ये. टोनी टिम्पा, डॅलस, ऑगस्ट २०१६, त्यानं स्वतः मदतीसाठी पोलिसांना फोन केला होता, त्यांनी दहा मिनिटांहून जास्त वेळ जमिनीवर दाबून धरला आणि वर थट्टा करत राहिले. तिथल्या डॅलस मॉर्निंग न्यूजनं जवळपास तीन वर्षं भांडून २०१९ मध्ये तो व्हिडिओ मिळवला. दोन्ही प्रकरणांत रेकॉर्ड दाबून ठेवलं गेलं, आणि रेकॉर्ड दाबलं की बातमी मरते, मेलेला कुठल्याही रंगाचा असो.

पण याच्याही उलट एक प्रकरण आहे. जुलै २०१७ मध्ये मिनियापोलिसमध्ये जस्टिन रुशचिक डेमंड या गोऱ्या ऑस्ट्रेलियन बाईला मोहम्मद नूर या सोमाली वंशाच्या पोलिसानं मारलं. बातमी जगभर गेली, पोलीस प्रमुखाला आठवड्याभरात जावं लागलं, नूर खुनासाठी दोषी ठरला (ती खुनाची शिक्षा पुढे २०२१ मध्ये रद्द होऊन मनुष्यवधावर आली) आणि कुटुंबाला २ कोटी डॉलर मिळाले. तिथल्या ब्लॅक लोकांनी तिच्या कुटुंबाबरोबर मोर्चे काढले आणि त्याच वेळी विचारलं की आमच्या फिलांडोचा पोलीस महिनाभरापूर्वीच सुटला, तो का.

१०. ब्लॅक लोकांवर गोळी जास्त झाडतात हे संशोधनानं सिद्ध झालंय का? एका हार्वर्डच्या प्रोफेसरनं उलट म्हटलंय ना?

रोलंड फ्रायर, २०१६. त्यांचं म्हणणं होतं की ह्यूस्टनच्या आकड्यांत गोळीबारात वंशाचा फरक दिसत नाही, पण ढकलणं, बेड्या, भिंतीला लावणं अशा गोष्टींत ब्लॅक लोकांच्या वाट्याला स्पष्टपणे जास्त येतं. बहुतेक बातम्यांनी पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा सोडला.

वाद सगळा भागाकाराचा आहे. मेलेल्यांना लोकसंख्येनं भागलं तर मोठा फरक दिसतो. पोलिसांनी थांबवलेल्यांच्या संख्येनं भागलं तर फरक कमी होतो किंवा जातो. पण पोलीस ब्लॅक लोकांना विनाकारण जास्त थांबवत असतील, जसं फर्ग्युसनमध्ये दिसलं (प्रश्न ७), तर त्या थांबवण्यातच भेदभाव आलेला असतो आणि तुम्ही त्यानंच भागताय. २०१९ मध्ये वंशाचा फरक नाही म्हणणारा आणखी एक पेपर मोठ्या जर्नलमध्ये आला, राजकारण्यांनी तो उचलला, आणि २०२० मध्ये लेखकांनी स्वतःच तो मागे घेतला. म्हणून "नव्या संशोधनानं सिद्ध केलं" असं शीर्षक दिसलं की आधी कशानं भागलंय ते बघा.

११. आता सगळ्या पोलिसांच्या छातीवर कॅमेरे आहेत, मग अडचण काय?

कॅमेरा पोलिसांचा आणि व्हिडिओही पोलिसांच्याच ताब्यात, ही अडचण. राज्याराज्याचा कायदा वेगळा. कॅलिफोर्नियात २०१९ पासून साधारण ४५ दिवसांत द्यावा लागतो, काही अपवाद सोडून. नॉर्थ कॅरोलायनात कोर्टाच्या आदेशाशिवाय लोकांना मिळतच नाही, एप्रिल २०२१ मध्ये अँड्र्यू ब्राउन ज्युनियरच्या प्रकरणात कुटुंबालाही आधी फक्त छोटासा तुकडा दाखवला होता. कधी कॅमेरे नसतातच. मार्च २०२० मध्ये लुइव्हिलला ब्रिओना टेलर तिच्याच घरात मारली गेली, गोळीबाराचा व्हिडिओच नाही, पहिल्या दिवशी सगळा भर जखमी झालेल्या पोलिसावर, आणि पोलिसांच्या जवळजवळ कोऱ्या रिपोर्टात तिच्या दुखापतींच्या जागी लिहिलं होतं "काही नाही". देशाला तिचं नाव कळायला मे उजाडला, घरच्यांनी, वकिलांनी आणि तिथल्या पत्रकारांनी धरून ठेवलं म्हणून. ज्या वॉरंटवर पोलीस घरात शिरले त्याच्या कागदांत खोटं लिहिलं होतं हे एका पोलीस अधिकारी बाईनंच २०२२ मध्ये कोर्टात कबूल केलं.

१२. पोलिसाचं नाव का छापत नाहीत?

बहुतेक वेळा खातं लगेच देत नाही म्हणून. फ्लोरिडात तर गुन्ह्याच्या बळींचं संरक्षण करणारा मार्सीचा कायदा पोलिसांनी स्वतःसाठी वापरला, आमच्यावर हल्ला झाला म्हणजे आम्हीच बळी, आमचं नाव गुप्त ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्या कायद्यात नाव लपवायची हमी नाही. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांचं शिस्तभंगाचं रेकॉर्ड लपवणारा कायदा जून २०२० मध्ये गेला.

१३. असे व्हिडिओ मी बघावेत का? ग्रुपवर टाकावेत का?

मी स्वतः आता पूर्ण बघत नाही, वर्णन वाचते. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की निःशस्त्र ब्लॅक माणसाला पोलिसांनी मारल्यावर त्या राज्यातल्या इतर ब्लॅक लोकांचं मानसिक आरोग्य पुढचे काही महिने खालावतं, गोऱ्यांचं नाही. व्हिडिओ पुरावा म्हणून लागतोच, प्रश्न ३ मधली दोन प्रकरणं व्हिडिओशिवाय दाबली गेली असती. पण कोर्टाला, पत्रकाराला लागणं वेगळं आणि कौटुंबिक ग्रुपवर सकाळच्या सुप्रभातशेजारी कुणाचं तरी मरण आपोआप चालू होणं वेगळं. कृपा करून टाकू नका.

१४. ब्लॅक पत्रकार असले की बातमी एकांगी होते का?

गोऱ्या पत्रकाराला हा प्रश्न कुणी विचारत नाही, आधी त्याचा विचार करा. जून २०२० मध्ये पिट्सबर्ग पोस्ट गॅझेटनं अलेक्सिस जॉन्सन या ब्लॅक रिपोर्टरला एका ट्वीटवरून आंदोलनाचं वार्तांकन करण्यापासून दूर ठेवलं. त्याच्या काही दिवस आधी मिनियापोलिसमध्ये सीएनएनचा ओमार हिमेनेझ लाइव्ह चालू असताना पकडला गेला, तो शांतपणे कुठे उभं राहायचं ते विचारत होता, तर जवळच असलेल्या त्याच्या गोऱ्या सहकाऱ्याशी पोलीस नीट बोलले. २०१४ मध्ये फर्ग्युसनच्या मॅकडॉनल्ड्समध्ये बसून काम करणाऱ्या दोन रिपोर्टरना पकडलं होतं, वॉशिंग्टन पोस्टचा वेस्ली लॉअरी त्यातला एक, आणि पुढे पोस्टच्या मोजणीच्या कामातही (प्रश्न २) तो होता. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या २०१८ च्या आकड्यांनुसार अमेरिकन न्यूजरूममधले ७७ टक्के लोक गोरे, देशातल्या एकूण कामगारांत हे प्रमाण ६५.

१५. आंदोलनाच्या बातमीत फक्त जाळपोळच का दिसते?

जळती गाडी टीव्हीवर लगेच दिसते, दंडाच्या पावत्या दिसत नाहीत. २ जून २०२० ला फिलाडेल्फिया इन्क्वायररनं शीर्षक दिलं की इमारतींचंही मोल आहे, ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरच्या (ब्लॅक जिवांना मोल आहे) घोषणेवरून बेतलेलं. माणसाच्या जिवाशेजारी इमारत ठेवली. डझनावारी पत्रकारांनी काम थांबवलं, संपादकांना राजीनामा द्यावा लागला.

१६. याचा आपल्याशी, भारतीयांशी काय संबंध?

फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे सुरेशभाई पटेल मुलाच्या घरासमोर फिरत होते. शेजाऱ्यानं फोन केला, एक बारीक ब्लॅक माणूस फिरतोय. पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं, शरीराचा काही भाग लुळा पडला. भारतात बातमी भारतीय आजोबांवर अन्याय अशी आली, अलाबामाच्या राज्यपालांनी माफीही मागितली, पण त्या फोनमधला "ब्लॅक" हा शब्द आपल्याकडच्या मी वाचलेल्या बातम्यांत कुठेतरी खाली होता. दोन खटल्यांत ज्युरीचं एकमत झालं नाही आणि जजनं पोलिसाला सोडलं.

महाराष्ट्राशी तर जुना धागा आहे. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथर पक्षानं स्वतःचं वर्तमानपत्र काढलं ते २५ एप्रिल १९६७ ला, आणि पहिला अंक होता कॅलिफोर्नियातल्या डेन्झिल डॉवेल या पोलिसांच्या गोळीनं मेलेल्या २२ वर्षांच्या तरुणावर. सरकारी गोष्ट आणि घरच्यांची गोष्ट जुळत नव्हती आणि दुसरा पेपर ते छापत नव्हता, म्हणून यांनी चार पानं स्वतः छापली.

१७. हल्ली अशा बातम्या कमी दिसतात, म्हणजे घटना कमी झाल्या ना?

नाही, आकडे प्रश्न १ मध्ये आहेत. कमी झालंय ते लक्ष. पोस्टनं २०२४ संपल्यावर आपली मोजणी थांबवली. दोषी किंवा कारवाई झालेल्या केंद्रीय पोलिसांची सरकारी यादी जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. मे २०२५ मध्ये, फ्लॉइडच्या पाचव्या स्मृतिदिनाच्या चार दिवस आधी, न्याय खात्यानं मिनियापोलिस आणि लुइव्हिलच्या पोलीस सुधारणांचे करार मागे घ्यायची पावलं टाकली. गावोगावचे छोटे पेपर बंद पडतायत, आणि शिकागोत जे झालं ते कुणीतरी कोर्टात खेटे घालायला तयार होतं म्हणून झालं. मॅपिंग पोलीस व्हायलन्स या दुसऱ्या मोजणी प्रकल्पाची यादी अजून चालू आहे, त्यात राज्य आणि शहराप्रमाणे बघता येतं. तुमची मुलं ज्या शहरात शिकतायत किंवा नोकरी करतायत त्याचं नाव टाकून बघा, आणि मग त्या तारखांना तिथल्या पेपरात काय छापून आलं होतं तेही शोधा.